विनंती की मागणी

रुजू व्हायला कॉलेजात गेले तो दिवस जुलै १९९२ मधला. आठवडाभराची झड लागलेली होती. छत्रीचं पाणी निथळवत मी स्टाफरूमच्या दारात उभी होते, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या अर्थशास्त्राच्या सरांनी ना माझं नाव विचारलं, ना गाव. हात पुढे केला आणि म्हणाले, "ऑर्डर आणली का जी मॅडम? दाखवा बरं."

मी पाकिटातला कागद दिला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, ओळीवरून बोट फिरवत सगळा कागद वाचला आणि दोन ठिकाणी खाली रेघ मारली. एक रेघ 'तात्पुरत्या स्वरूपात' या शब्दांखाली, दुसरी 'पुढील आदेशापर्यंत' या शब्दांखाली. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, "हे वाचलं होतं काय?"

मी वाचलं नव्हतं. मी माझं नाव वाचलं होतं आणि २२००-४००० ही वेतनश्रेणी वाचली होती. घरी आईनं तो कागद देवासमोर ठेवला होता, तिचं हळदीचं बोट अजून कोपऱ्यावर होतं. मी मराठीची एम.ए. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलायचं शिक्षण मी घेतलं होतं. माझ्या स्वतःच्या पोटापाण्याचा अर्ध्या पानाचा मजकूर मात्र मी नजरेखालून घातला नव्हता. त्या दिवशी सरांनी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला आणि पावती फाडली. अशी मी नुटाची सभासद झाले.

नुटा म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ. पूर्ण इंग्रजी नाव कुणी घेत नाही, आद्याक्षरांचाच शब्द झाला आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, आमचं कॉलेज त्या नव्या विद्यापीठाकडे गेलं, पण संघटनेनं नाव बदललं नाही आणि माणसंही वाटून घेतली नाहीत. मुंबईत बुक्टू, कोल्हापूरकडे सुटा, या सगळ्यांचा राज्यातला महासंघ एम्फुक्टो, आणि देशपातळीवर आयफुक्टो. बाहेरच्या माणसाला या नावांतून काही कळत नाही. आमच्यासाठी मात्र 'नुटा' हा घरातल्या माणसाच्या हाकेसारखा शब्द होता. पगार अडला, मान्यता अडली, रजा अडली, की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "नुटाले विचारलं काय?"

संघटनेशी माझी खरी ओळख मोर्च्यात झाली नाही, टपालानं झाली. नुटा बुलेटीन यायचं. त्यात चित्र नसे, सजावट नसे. बारीक टाइपात शासन निर्णय, विद्यापीठाची परिपत्रकं, न्यायालयांचे निकाल, आमसभेची नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च. पानाच्या कडेपर्यंत मजकूर भरलेला. पहिली दोन वर्षं मी ते न उघडताच टेबलाच्या खणात टाकत असे. सर मात्र प्रत्येक अंक दोऱ्यानं शिवून ठेवायचे. त्यांच्या कपाटात एका फळीवर अर्थशास्त्राची पुस्तकं होती आणि उरलेल्या दोन फळ्यांवर बुलेटीनच्या फायली.

१९९५ मध्ये दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझा रजेचा अर्ज कार्यालयातून परत आला. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या बाईला प्रसूती रजा पगारी मिळत नाही, असं तोंडी सांगितलं गेलं. लेखी कुणी दिलं नाही. मी रडवेली होऊन स्टाफरूममध्ये आले. सरांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. फायली उतरवल्या, तासभर चाळल्या, एका पानात कागदाचा तुकडा घातला आणि म्हणाले, "आता अर्ज नव्यानं लिहा. नियमाचा क्रमांक, दिनांक टाका. आणि शेवटी एवढंच लिहा, की अर्ज नामंजूर असल्यास कारण लेखी कळवावं." चौथ्या दिवशी रजा मंजूर झाली. अर्ज तोच होता, बाईही तीच होती. फरक एका क्रमांकाचा आणि एका दिनांकाचा. त्यानंतर मी बुलेटीन शिवायला लागले.

कॉलेजातल्या प्राध्यापकाला असं अडवता येऊ शकतं, यावर गावातल्या लोकांचा विश्वास बसत नसे. त्यांच्या नजरेत आम्ही पंख्याखाली बसून पगार घेणारी माणसं. पण खासगी अनुदानित कॉलेजची घडणच अशी, की पगार शासन देतं, नेमणूक संस्था करते आणि मान्यता विद्यापीठ देतं. तिघांच्या मध्ये मास्तर उभा. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात फाईल थांबली तर ती का थांबली हे कळायलाच दोन फेऱ्या, म्हणजे एस.टी.चं भाडं आणि दोन दिवसांच्या किरकोळ रजा. नोकरीवरून काढलंच तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण ती ठरलेल्या मुदतीत मागावी लागते. ही मुदत हातातून गेली म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. जुने लोक त्याहून वाईट सांगायचे. सही एका आकड्यावर करायची आणि हातात दुसराच आकडा घ्यायचा, असे दिवस त्यांनी काढले होते. ते सांगताना आवाज खाली जायचा. इतक्या वर्षांनंतरही.

पगाराबद्दल बोलायची लाज आमच्या पिढीला शिकवलेली होती. मी एम.ए.ला असताना, ऑगस्ट १९८७ मध्ये, देशभरातल्या प्राध्यापकांचा संप झाला. चौथ्या वेतन आयोगाबरोबरच्या नव्या वेतनश्रेणींसाठीचा. वर्ग बंद होते. आम्ही मुली वसतिगृहात बसून चिडचिड करायचो, की ज्ञान देणाऱ्या माणसांनी पैशांसाठी असं रस्त्यावर यावं का? त्याच संपानंतर अमलात आलेल्या वेतनश्रेणीवर पाच वर्षांनी मी रुजू झाले आणि पहिल्या पगारात आईला साडी घेतली. हे दोन प्रसंग एकमेकांना जोडायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

संघटनेचे नेते प्रा. बी. टी. देशमुख यांचं नाव घेतल्याशिवाय नुटाबद्दल लिहिता येणार नाही. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते तीस वर्षं विधान परिषदेत होते. विदर्भातल्या लोकांना ते आठवतात ते अनुशेषामुळे. सिंचनाचा, रस्त्यांचा, जो वाटा या भागाला मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, तो आकड्यांत मांडून सभागृहात मागत राहणारा माणूस. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून हा विषय आमच्याकडे घरोघरी बोलला जातो, पण त्यातलं कोष्टक वाचलेली माणसं मोजकी. मला वाटतं, शिक्षकांच्या संघटनेत मुरलेली सवयच तिथे कामाला आली. तक्रार करायची तर आकडा हवा, आकड्याला कागद हवा, कागदाला दिनांक हवा. राज्यघटनेनं विधान परिषदेत पदवीधरांना आणि शिक्षकांना वेगळ्या जागा दिल्या. महाराष्ट्रात त्या सात आणि सात आहेत. या जागा हव्यात की नकोत यावर वाद होत असतो. त्या वादात मी पडत नाही. त्या जागेवर बसून काय करता येतं, ते आम्ही पाहिलेलं आहे.

आमसभेला मी पहिल्यांदा गेले ते १९९६ च्या हिवाळ्यात. रविवार होता. पहाटेच्या एस.टी.नं निघालो, मूर्तिजापूरला गाडी बदलली. स्टेशनाजवळ शकुंतला उभी होती, यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ती नॅरोगेजची गाडी, आणि सर म्हणाले, पूर्वी आम्ही सभेला हिच्यातून जायचो, परतीला चालक ओळखीचा असला तर थांबून घ्यायचा. सभा दुसऱ्या एका तालुक्याच्या कॉलेजात होती. वर्गातले बाक सरकवून जागा केलेली. फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच. दुपारी यजमान कॉलेजच्या लोकांनी वडाभात केला होता, वरून फोडणीचं तेल.

एवढ्या माणसांत आम्ही बाया चौघी. त्यातल्या दोघींना साडेचारची गाडी गाठायची होती, कारण पुढची गाडी रात्री आठची. सभेतले महत्त्वाचे ठराव चारनंतरच यायचे. हे कुणी मुद्दाम करत नव्हतं. पण वर्षानुवर्षं तेच होत होतं, आणि त्यामुळे ज्या प्रश्नांवर बाईनं उभं राहून बोलायला हवं होतं, ते प्रश्न मांडले जाईपर्यंत बाया बसस्थानकावर पोचलेल्या असत. मी दोन-तीन वर्षांनी एकदा हे बोलले. पुढच्या वेळी आमचे विषय जेवणाआधी घेतले गेले. एवढंच बोलायला मला तीन वर्षं लागली, याचं वाईट अजून वाटतं.

त्या पहिल्या सभेत मला सगळ्यांत चकित केलं ते इतिवृत्त कायम करण्याच्या विषयानं. मला वाटलं होतं, मागचं इतिवृत्त वाचतील, सगळे हो म्हणतील, पुढे जातील. पण एक वृद्ध प्राध्यापक उठले. धोतर, काळा कोट, हातात बुलेटीनचा अंक. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मागच्या ठरावात आपण शासनाकडे मागणी केली होती. इथं 'विनंती' छापलं आहे." कुणीतरी म्हणालं, अर्थ एकच आहे. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अर्थ एक नाही. विनंती नाकारली तर आपण घरी जातो. मागणी नाकारली तर आपल्याला पुढचं काहीतरी ठरवावं लागतं. सभेनं पुढचं ठरवायची तयारी ठेवली होती. तेव्हा तोच शब्द पाहिजे." यावर अर्धा तास चर्चा झाली. बाहेर ऊन उतरत होतं, पोटात भूक होती, आणि शेवटी 'विनंती' खोडून 'मागणी' करण्यात आली. सूचक, अनुमोदक, मंजूर.

मी भाषेची शिक्षक. समानार्थी शब्द शिकवताना मी वर्गात सांगायचे की खरे समानार्थी शब्द नसतातच, प्रत्येकाची छटा वेगळी. ते मी पुस्तकातून सांगत होते. एका शब्दासाठी गणिताच्या, वनस्पतिशास्त्राच्या, वाणिज्याच्या माणसांनी अर्धा तास भांडलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि सोमवारी वर्गात तोच धडा शिकवताना माझा आवाज बदलला होता असं मला वाटतं. विद्यार्थ्यांना कळलं की नाही, देव जाणे.

आता त्या गोष्टीकडे येते, जी सांगायची मला इतकी वर्षं हिंमत होत नव्हती. मी नेट नव्हते.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आला, की व्याख्यात्याच्या नेमणुकीसाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण हवी. माझी नेमणूक त्यानंतर दहा महिन्यांनी. जाहिरात निघाली होती, मुलाखत झाली होती, विद्यापीठाची निवड समिती होती. नेट झालेला उमेदवार त्या मुलाखतीला एकही नव्हता, तेव्हा ते साहजिकच होतं. राज्याची सेट परीक्षा तर पुणे विद्यापीठानं १९९५ पासून घ्यायला सुरुवात केली. पद भरायचं होतं, मुलं वर्गात बसली होती, म्हणून मला घेतलं आणि ऑर्डरवर 'तात्पुरत्या स्वरूपात' लिहिलं. माझ्यासारखे हजारो जण राज्यभर होते, १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले. आमच्या सगळ्यांच्या आयुष्याला या दोन तारखांचं कुंपण पडलं.

मी परीक्षेला बसले, एकदा नाही, तीनदा. एकदा अंगावर पिणारं मूल घेऊन नागपूरला गेले, बहीण केंद्राबाहेर त्याला घेऊन बसली. तीनदाही थोडक्यात गेली. परीक्षा असू नये असं माझं म्हणणं तेव्हा नव्हतं, आजही नाही. शिक्षकाची कसोटी लागलीच पाहिजे. पण जाहिरात देणाऱ्यानं, निवडणाऱ्यानं, मान्यता देणाऱ्यानं आणि दरमहा पगार काढणाऱ्यानं मिळून जो निर्णय घेतला, त्याचं ओझं एकट्या निवडल्या गेलेल्या माणसानं वाहायचं, हे मला पटत नाही. वरची श्रेणी नाही, पदोन्नती नाही. माझ्यानंतर दहा वर्षांनी लागलेली माझी विद्यार्थिनी माझ्या आधी वरच्या श्रेणीत गेली. तिनं पेढे आणले तेव्हा तिलाच संकोच वाटत होता. मी तिला जवळ घेतलं. पेढा खाल्ला. घरी येऊन दार लावून बसले.

हा प्रश्न एम्फुक्टोच्या मागण्यांमध्ये वर्षानुवर्षं होता. २०१३ मध्ये तो ऐरणीवर आला. ४ फेब्रुवारीपासून राज्यभरातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मुख्य मुद्दे दोन: सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि आम्हा नेट-सेट नसलेल्यांच्या सेवेचं संरक्षण. थकबाकीचा हिशेब असा होता, की १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातला ऐंशी टक्के वाटा केंद्र देणार, पण राज्यानं आधी द्यायचा. त्यात घोडं अडलं होतं.

हे सगळं स्टाफरूमच्या भाषेत सांगायचं तर थकबाकी होती ज्येष्ठांची आणि नोकरी होती आमची. 'थकबाकीवर मिटवून टाका, नेट नसलेल्यांचं नंतर पाहू' असं म्हणणारे होतेच. ते वाईट लोक नव्हते. घराचे हप्ते होते, मुलींची लग्नं होती. पण जिल्ह्याच्या ठिकाणी धरण्यावर बसलो असताना माझे ते सर आले. निवृत्त होऊन दहा वर्षांवर झाली होती, त्यांना या लढ्यातून एक पैसा मिळणार नव्हता. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात काठी. कडुलिंबाच्या सावलीत सतरंजीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. कुणीतरी म्हणालं, सर, तुम्ही कशाला त्रास घेता? ते म्हणाले, "हिच्या ऑर्डरवर मी रेघ मारली होती जी. ते काम राहिलं आहे."

या आंदोलनाची दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. आम्ही वर्ग घेत होतो, पण परीक्षा घेत नव्हतो, आणि परीक्षा पुढे जात होत्या. मार्चच्या शेवटी आठवडी बाजारात भाजीवाल्या काकूंनी मला थांबवलं. त्यांची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. "मॅडम, पोरीचं लगन ठरलं जी मे महिन्यात. परीक्षा त्याच्या आधी होईन म्हणून तारीख धरली. आता सासरचे पाठवतीन काय तिले पेपरले? तुमच्या भांडणात माही पोरगी काहून मधात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी वीस वर्षं खरी होती आणि त्यांच्या मुलीचं एक वर्षही खरं होतं. मी त्यांना शासन निर्णय, थकबाकी, यातलं काहीच सांगितलं नाही. वांगी घेतली, पैसे दिले आणि तशीच मुलीच्या सासरच्या गावचं नाव विचारून घेतलं. परीक्षा झाली तेव्हा नवीन हिरवा चुडा भरलेली ती मुलगी सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची आणि पेपर देऊन दुपारच्या गाडीनं परत जायची. तिच्या सासऱ्यांशी बोलायला मी आणि ग्रंथपाल बाई दोघी जाऊन आलो होतो. तेवढं माझ्यानं झालं.

१० मे रोजी, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, बहिष्कार संपला. शहाण्णव दिवस झाले होते. मग मे महिन्याच्या त्या उन्हात, पंखा गरम हवा फेकत असताना, आम्ही उत्तरपत्रिका तपासल्या. निकाल शक्य तितके वेळेवर लागावेत म्हणून माणसं रात्री नऊपर्यंत मूल्यांकन केंद्रावर बसत होती. आणि शासनानं एकाहत्तर दिवसांचं वेतन रोखलं. वर्गात शिकवलेल्या दिवसांचंही. आमच्या घरी त्या वर्षी मुलाच्या प्रवेशासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. एकाहत्तर हा आकडा आमच्याकडे नुसता 'एकाहत्तर दिवस' एवढ्यावर ओळखला जातो. पुढे कशाचे, हे सांगावं लागत नाही. पाच वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा संप सुरू झाला, तेव्हाही मागण्यांच्या यादीत तो होता.

२७ जून २०१३ रोजी आमच्या सेवेबद्दलचा शासन निर्णय आला. फोनवर अभिनंदनं सुरू झाली. मुलगा पेढे आणायला धावला. मी मात्र कागद हातात येईपर्यंत थांबले, आणि आल्यावर पेन्सिल घेऊन बसले. सेवा नियमित धरली होती. कधीपासून? शासन निर्णयाच्या दिनांकापासून. 'पासून' या शब्दाखाली मी रेघ मारली. १९९२ ते २०१३, एकवीस वर्षं, त्या एका प्रत्ययासारख्या शब्दाच्या अलीकडे पडली होती. व्याकरण शिकवताना शब्दयोगी अव्यय मुलांना फार कंटाळवाणं वाटतं. मी त्यानंतर दर वर्षी त्या तासाला ही गोष्ट सांगत आले, माझं नाव न घेता. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही. म्हणजे २०१३ पासूनची सेवा धरली तर ते दारही बंद. पुढे अनेक जण न्यायालयात गेले. एका याचिकेत माझंही नाव होतं. निकाल आमच्या बाजूनं लागला, कागद सरकायला त्याहून जास्त वेळ लागला. २०२४ मध्ये मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या सेवापुस्तिकेत पहिली तारीख जुलै १९९२ ची आहे. सर ते पाहायला राहिले नाहीत. त्यांच्या मुलानं बुलेटीनच्या सगळ्या फायली मला आणून दिल्या.

मला जे म्हणायचं आहे ते आत्ता सुरू होतं. ज्या लढ्यानं मला उभं केलं, तो लढताना माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं आहे हे मी नीट पाहिलं नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत आमच्या कॉलेजात एक-एक जण निवृत्त होत गेला आणि त्याच्या जागी तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणारी, सीएचबीची मुलं येत गेली. शासनानं २०१७ मध्ये भरती थांबवली. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात ३५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना परवानगी दिली, त्यातली २०८८ भरायची राहिली, आणि त्यांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत नोव्हेंबर २०२१ उजाडला. परवानगी मिळणं आणि पद भरलं जाणं यातलं अंतर तर वेगळंच. मधल्या काळात वर्ग कुणी घेतले? त्या मुलांनी. नेट झालेल्या, सेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या. आमच्याकडे नव्हती ती पात्रता त्यांच्याकडे आहे, आणि आमच्याकडे होती ती नोकरी त्यांच्याकडे नाही.

२०१८ च्या संपानंतर त्यांचा दर तासाला पाचशे रुपये झाला, नंतर वाढला. आठवड्याला नऊ तासिका. त्याच सुमारास, जानेवारी २०१९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगानं अतिथी व्याख्यात्यांसाठी तासाला पंधराशे आणि महिन्याला जास्तीत जास्त पन्नास हजार असा दर सांगितला होता. यातला फरक किती, हे ज्यानं त्यानं कागदावर मांडून पाहावं. तो पैसाही दरमहा येत नाही. देयक जातं, त्रुटी निघते, परत येतं, आणि सहा-सहा महिन्यांनी एकदम जमा होतं. दिवाळीत आमच्या स्टाफरूममध्ये फराळाचे डबे उघडायचे तेव्हा ही मुलं ग्रंथालयात जाऊन बसायची. मी त्यांना आग्रह करून बोलवायचे. पावतीपुस्तक मात्र मी त्यांच्यापुढे कधी धरलं नाही. 'यांची कुठं कायमची नोकरी आहे' असं मनात धरून चालले. १९९२ मध्ये माझी तरी कुठं कायमची होती?

गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्यातली एक मुलगी घरी आली. इतिहास शिकवते, सेट आहे, नवरा मेडिकल दुकानात कामाला. सप्टेंबरपासूनचं मानधन आलं नव्हतं. तिनं ऑर्डर आणली होती. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. 'निव्वळ तासिका तत्त्वावर'. 'सत्र समाप्तीनंतर नेमणूक आपोआप संपुष्टात येईल'. 'कोणताही हक्क सांगता येणार नाही'. रेघा मारत मी विचारलं, "हे वाचलं होतंस का गं?"

"हो मॅडम," ती म्हणाली. "पाठ आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

तिनं पिशवीतून फाईल काढली. शासन निर्णय, देयकांच्या प्रती, कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय सांगितलं याची टिपणं, सगळं ओळीनं लावलेलं. आम्हाला जे शिकायला वर्षं लागली ते ती शिकूनच आली होती. तिला माझ्याकडून वेगळंच काही हवं होतं. आसपासच्या पाच कॉलेजांतल्या मुलांनी मिळून सहसंचालकांना एक पत्र द्यायचं ठरवलं होतं. मसुदा तिचाच. फक्त सुरुवातीला सही कुणाची, यावर घोडं अडलं होतं. पहिली सही ज्याची, त्याला जूनमध्ये ऑर्डर मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

"गोल सही करा," मी म्हणाले. मोठं वर्तुळ काढायचं आणि त्याभोवती सह्या, म्हणजे पहिला कोण ते कळत नाही. सरांनी कधीतरी सांगितलेलं होतं. तिला ते आवडलं. तिनं लगेच वहीवर वाटी ठेवून वर्तुळ काढून पाहिलं, किती नावं मावतील ते मोजलं. तेवीस.

मग आम्ही मसुदा वाचायला बसलो. भाषा स्वच्छ होती, आकडे बरोबर होते. शेवटच्या परिच्छेदात 'मानधन तातडीने अदा करावे, ही नम्र विनंती' असं होतं. मी तिला ती जुनी सभा सांगितली. काळा कोट, धोतर, अर्ध्या तासाची चर्चा. तिनं लक्ष देऊन ऐकलं, मध्येच हसली, आणि मी पेन्सिल पुढे केली तेव्हा थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली.

"या पत्रात विनंतीच राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "जूनमध्ये ऑर्डर निघायच्या आहेत. एकदा त्या हातात पडल्या की मग पाहू."

मी शब्द तसाच ठेवला. रविवारी ती बाकीच्यांना घेऊन येणार होती, तेवीस जणं. शेजारून सतरंज्या मागून आणल्या. साडेचारच्या गाडीनं जाणाऱ्या किती जणी आहेत ते तिला आधीच विचारून घेतलं, आणि त्यांचं बोलणं जेवणाआधी ठेवलं.